यादीतले नाव

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी दोन माणसे येतात, असे समजू. पहिल्याचे नाव यादीत आहे. तो रांगेत उभा राहतो, आत जातो, आणि मतदान अधिकारी त्याला सांगतो की तुमच्या नावावर सकाळीच कुणीतरी मत देऊन गेले. दुसऱ्याचे नाव यादीतच नाही. त्याच्या खिशात मतदार ओळखपत्र आहे, मागच्या निवडणुकीत त्याने याच शाळेत मत दिले आहे, शेजारपाजारचे त्याला ओळखतात. पण या वेळच्या छापील यादीत त्याचा अनुक्रमांक सापडत नाही.

ऐकणाऱ्याला पहिल्याचे गाऱ्हाणे मोठे वाटते, कारण तिथे सरळ चोरी झाली आहे. कायद्याचे पुस्तक उघडले की चित्र उलटे दिसते. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-पी पहिल्याच्या पाठीशी उभा राहतो. त्याची ओळख पटली की केंद्राध्यक्षाने त्याला छापील मतपत्रिका दिलीच पाहिजे. तिला ‘प्रदत्त मतपत्रिका’ म्हणतात. केंद्रावरची माणसे ‘टेंडर व्होट’ म्हणतात. त्याचे नाव वेगळ्या नमुन्यात लिहून घेतले जाते, मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. दुसऱ्या माणसासाठी मात्र त्या दिवशी काहीही नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ६२ रोखठोक आहे: ज्याचे नाव यादीत आहे त्याला मताचा हक्क आहे, ज्याचे नाही त्याला नाही. केंद्राध्यक्षाला दया आली तरी उपयोग नाही. ओळखपत्र ही ओळखीची खूण आहे, हक्काचा पुरावा नव्हे. हक्काचा पुरावा म्हणजे यादीतली ती एक ओळ.

मतदाराच्या हक्काविषयी आपल्याकडे जे बोलले-लिहिले जाते ते बहुतेक मतदानाच्या दिवसाविषयी असते. बोटावरची शाई, यंत्राविषयीच्या शंका, पैसेवाटप, मतदानाची टक्केवारी. पण भारतातला मतदार आपला हक्क गमावतो तो बहुधा त्या दिवशी नव्हे. त्याआधी कित्येक आठवडे किंवा महिने, तहसील कचेरीतल्या एखाद्या टेबलावर, त्याला पत्ताही नसताना. म्हणून या लेखात मतदानाच्या दिवसापेक्षा यादीचाच विचार अधिक केला आहे.

यादीचे महत्त्व घटनाकारांना आपल्यापेक्षा अधिक कळले होते. भारताची पहिली प्रौढ मताधिकाराची यादी घटना लागू होण्याच्याही आधी, १९४८ पासून तयार होऊ लागली. फाळणीचे लोंढे येत होते. ज्यांचे घर मागे राहिले त्यांना ‘अमुक ठिकाणचा रहिवासी’ ठरवायचे कसे, हा प्रश्न आला, तेव्हा ‘मी येथे कायमचा राहू इच्छितो’ एवढ्या नुसत्या निवेदनावर निर्वासितांची नावे घ्यावीत, असे संविधान सभेच्या सचिवालयाने ठरवले. कागदपत्र हरवलेल्या माणसाला आधी आत घ्यायचे आणि शंका नंतर तपासायची, हा तेव्हाचा कल होता. तो पुढे किती टिकला, हे पाहूच.

सगळ्या प्रांतांत मात्र हा कल दिसत नव्हता. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत निवडणूक आयोगाविषयीचे कलम मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्यात मोठा बदल सुचवला. आधीच्या मसुद्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतागणिक वेगळे आयोग होते. आता सगळ्यांवर एकच केंद्रीय आयोग आला. त्याचे कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. काही प्रांतांतली सरकारे वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीतून बाहेर ठेवत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एखाद्या प्रांतिक सरकारच्या पूर्वग्रहामुळे किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीमुळे कुणी यादीबाहेर राहिला, तर लोकशाहीच्या मुळावरच घाव बसतो, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आज आपण निवडणूक आयोग म्हटले की आचारसंहिता आणि पत्रकार परिषदा आठवतो. पण त्याला आजचे केंद्रीय रूप मिळाले त्यामागे यादीतून गळणाऱ्या माणसांची काळजी होती, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत फारसे सांगितले जात नाही. घटनेच्या कलम ३२५ ने तेच सूत्र पक्के केले. प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणालाही तिच्याबाहेर ठेवता येणार नाही.

आणि तरीही पहिल्याच यादीतून सुमारे २८ लाख बायका गळाल्या. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. उत्तरेकडच्या काही राज्यांत, विशेषतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशात, दारी आलेल्या कारकुनाला बायका स्वतःचे नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगत. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागत असे. तिकडे स्वतःचेच नाव परक्या पुरुषापुढे उच्चारणे अवघड होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायच्या नाहीत असे ठरवले. ज्यांनी नाव सांगितले त्यांची नोंद दुरुस्त झाली, उरलेल्या वगळल्या गेल्या. सेन यांच्या या कडकपणाचे पुष्कळांनी कौतुक केले आहे. बाईला स्वतःच्या नावाने नागरिक म्हणून उभे करण्यात तो निर्णय दूरदृष्टीचा होता, हे खरेच. पण त्या एका निवडणुकीपुरती किंमत त्या २८ लाख बायकांनी मोजली, हेही तितकेच खरे. चांगल्या हेतूने राबवलेली शुद्धीकरणाची मोहीमही माणसे बाहेर टाकते, आणि ती बाहेर पडतात त्यांत कागदाशी ज्यांचा संबंध कमी तेच अधिक असतात.

यादीत येण्याच्या अटी वाचायला सोप्या आहेत. भारतीय नागरिकत्व, वय १८ पूर्ण, आणि त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारण रहिवास’. वयाची अट १९८९ पूर्वी २१ ची होती. ६१व्या घटनादुरुस्तीने ती खाली आली. पूर्वी वय मोजण्याचा दिवस वर्षातून एकच, १ जानेवारी. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात. त्यामुळे फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्या मुलाला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागत नाही.

खरी मेख आहे ती रहिवासाच्या अटीत. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम २० हा शब्द समजावून सांगते, आणि त्यातली दोन वाक्ये महाराष्ट्रातल्या लाखो घरांना लागू पडणारी आहेत. पहिले असे की, एखाद्या ठिकाणी नुसते घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. दुसरे असे की, तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही.

पहिले वाक्य चाकरमान्यांसाठी आहे. लालबाग-परळ सोडून डोंबिवलीला किंवा विरारला राहायला गेलेला, गणपतीला आणि शिमग्याला रत्नागिरीच्या घराचे दार उघडणारा माणूस दोन्हीकडे मतदार असतो, असे सर्रास आढळते. त्यात त्याला काही गैर वाटत नाही. घर तर त्याचेच आहे. पण कलम १७ प्रमाणे एकापेक्षा अधिक मतदारसंघांत नाव असणे बेकायदा आहे. दोन्ही ठिकाणी मत दिले तर दोन्ही मते रद्द ठरतात. शिवाय नोंदणीच्या अर्जावर ‘माझे नाव अन्यत्र नाही’ असे जाणूनबुजून खोटे लिहिले असेल, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बहुतेकांचे दुबार नाव मात्र खोटेपणाने नव्हे, चुकीचा अर्ज भरल्याने होते. घर बदलले की लोक नमुना क्रमांक ६ भरतात. तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. आधीच मतदार असलेल्याने स्थलांतरासाठी नमुना ८ भरायचा, म्हणजे नवे नाव चढताना जुने उतरते. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलीच्या बाबतीत हा घोळ नेहमीचा. माहेरच्या यादीत ती वडिलांच्या नावाने, सासरच्या यादीत नवऱ्याच्या नावाने, आणि दोन्ही नावांचा मेळ कोणत्याच यंत्राला लागत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र निवड आहे. तो घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नेऊ शकतो. एकाच ठिकाणी, एवढेच.

दुसरे वाक्य ऊसतोड कामगारांसाठीच लिहिले असावे असे वाटते, जरी लिहिणाऱ्यांच्या मनात ते नसणार. बीड जिल्ह्यातून, पाथर्डीच्या बाजूने, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात, फडाशेजारी कोपी घालून राहायचे. मतदार यादीच्या वार्षिक पुनरीक्षणाचे वेळापत्रक गेली काही वर्षे साधारणपणे असे असते: ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रारूप यादी, त्यानंतर हरकती आणि दावे, जानेवारीत अंतिम यादी. म्हणजे यादी चाळायची वेळ येते तेव्हा वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलूप असते. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, बहुधा अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक शिक्षक असतो. तो गावचाच असला तर कुलूप का आहे हे त्याला माहीत असते. शहराच्या कडेला, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही, तिथे कुलूप दिसले की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडायला वेळ लागत नाही. अशा वेळी ‘तात्पुरता बाहेर गेलेला रहिवासीच असतो’ हे कलम २० मधले वाक्य शेजाऱ्याला, सरपंचाला किंवा मागे राहिलेल्या म्हातारीला ठाऊक असणे फार मोलाचे असते.

बेघरांच्या बाबतीत आयोगाच्या सूचना तर त्याहून उदार आहेत. ज्याला छप्पर नाही तो अर्जात ज्या जागेचा उल्लेख करील तिथे, पुलाखाली का असेना, बीएलओने रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे. तसे आढळले की रहिवासाचा कागद मागायचा नाही. पालावरच्या भटक्या-विमुक्त कुटुंबांना हे कुणी सांगत नाही. ‘पत्त्याचा पुरावा आणा’ असे सांगून त्यांना परत पाठवणे सोपे पडते.

आता नाव कापले कसे जाते ते पाहू. कायद्याने त्याला तीन वाटा ठेवल्या आहेत. पुनरीक्षणात यादी नव्याने होते तेव्हा ते गळते. कुणी नमुना ७ भरून हरकत घेतो तेव्हा ते निघते. किंवा मतदार नोंदणी अधिकारी, जो आपल्याकडे बहुधा प्रांत अधिकारी असतो, स्वतःहून ते काढतो. नमुना ७ विषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. कुणी तुमच्याविरुद्ध तो भरला म्हणजे नाव गेले, असे होत नाही. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाच्या यादीत असावा लागतो. तो स्वतःचे नाव लिहून, सही करून हरकत घेतो, आणि खोटे लिहिले तर वर सांगितलेले कलम ३१ त्यालाही लागते. आलेल्या हरकतींची यादी अधिकाऱ्याने कचेरीत लावायची असते. ती पाहायला फार थोडे जातात.

सगळ्यात महत्त्वाचे कलम २२. ‘हा इथे राहत नाही’ किंवा ‘याला हक्कच नाही’ या कारणाने नाव काढायचे असेल, तर त्या माणसाला आधी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे ते सांगते. नोटीस, सुनावणी, मग निर्णय, हा क्रम मोडता येत नाही. या सक्तीला त्या कलमात एक फट आहे: मृत्यू. माणूस मेला असेल तर सुनावणी कुणाची घेणार? तर्क बिनतोड आहे. पण त्यामुळेच नाव काढण्याचा सगळ्यात बिनबोभाट रस्ता म्हणजे ‘मयत’ हा शेरा. गावात एकाच नावाचे दोघे असतात, चुलत्या-पुतण्यांची नावे सारखी असतात, आणि गेलेल्याऐवजी राहिलेला कापला जातो. सगळे मुद्दाम होते असे नाही. पण ज्याला स्वतःच्या हयातीचा दाखला घेऊन फिरावे लागते, त्याला हेतू काय होता याने फरक पडत नाही.

सुनावणीच्या या हक्काला खरे बळ मिळाले ते मुंबईतून गेलेल्या एका वादामुळे. १९९४ साली मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांतल्या लोकांना नागरिकत्वाच्या संशयावरून नोटिसा गेल्या. आधार होता पोलिसांच्या चौकशीचा. यादीत नाव असलेल्यांनी, आधीच्या निवडणुकांत मत दिलेल्यांनी, ठरावीक मोजके कागद आणून आपण भारतीय असल्याचे सिद्ध करावे, असा पवित्रा अधिकाऱ्यांनी घेतला होता. ६ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘लाल बाबू हुसेन विरुद्ध मतदार नोंदणी अधिकारी’ या खटल्यात तो पवित्रा रद्द ठरवला. ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याच्या बाबतीत ते रीतसर चौकशीनंतरच घेतले गेले असणार, असे अधिकाऱ्याने लक्षात ठेवावे आणि त्या गोष्टीला पुरेसे वजन द्यावे. उलट सिद्ध करण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर असावा. नुसत्या पोलीस अहवालावर निर्णय देऊ नये. माणूस जो पुरावा आणील तो पाहावा, अमुकच कागद हवा असा हट्ट धरू नये. मतदार नोंदणी अधिकारी येथे कारकून नसून अर्धन्यायिक काम करणारा अधिकारी आहे, ही त्या निकालाची गाभ्याची गोष्ट. वडापावच्या गाड्यावर काम करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या हातात त्या निकालाने काही ठेवले असेल तर ते एवढेच: मी आधीपासून यादीत आहे, तेव्हा मी नाही असे म्हणणाऱ्याने ते दाखवावे.

हा भार पुन्हा मतदारावर सरकतो की काय, हा वाद २०२५ साली बिहारमध्ये उभा राहिला. २४ जूनच्या आदेशाने आयोगाने तिथे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू केले. प्रत्येक मतदाराने नव्याने फॉर्म भरायचा आणि २००३ च्या यादीत नसलेल्यांनी ठरावीक कागदांपैकी काही द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. मोहिमेच्या आधी यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत त्यांतली सुमारे ६५ लाख नव्हती. आयोगाच्या हिशेबाने त्यांत सुमारे २२ लाख मयत, ३६ लाख कायमचे गेलेले किंवा न सापडलेले, आणि ७ लाख दुबार नोंदवलेले होते. हे आकडे पूर्ण बरोबर असते तरी एक प्रश्न उरत होता: त्यांतला प्रत्येक जण कोणत्या कारणाने गेला, हे त्याला कळणार कसे? १२ ऑगस्टला तर मयत ठरवलेल्या दोन व्यक्ती प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयात उभ्या करण्यात आल्या. दोन दिवसांनी, १४ ऑगस्टला, न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: वगळलेल्या ६५ लाखांची यादी मतदान केंद्रनिहाय, प्रत्येक नावापुढे कारण लिहून प्रसिद्ध करा. पुढे ८ सप्टेंबरला आधार हे ओळखीचे कागद म्हणून स्वीकारायला सांगितले, मात्र नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. अंतिम यादी ३० सप्टेंबरला आली तेव्हा तिच्यात सुमारे ७ कोटी ४२ लाख नावे होती.

याद्या शुद्ध करणे आयोगाचे कर्तव्यच आहे, याबद्दल दुमत असायचे कारण नाही. मृतांची आणि दुबार नावांची यादी कुणाच्याही सोयीची नसते; बोगस मतदार तिच्यातच लपतो. माझ्या मते वादाचा मुद्दा शुद्धीकरण हा नाहीच. कुणी काय सिद्ध करायचे आणि कारण आधी कळणार की नंतर, हा आहे. १४ ऑगस्टच्या आदेशात वरवर पाहता एक यादी चिकटवण्यापलीकडे काही नाही. पण नाव आणि त्यापुढचे कारण समोर आले की माणूस ‘मी जिवंत आहे’ किंवा ‘मी कुठेही गेलेलो नाही’ असे उत्तर देऊ शकतो. कारणच माहीत नसेल तर उत्तर कशाला देणार?

न्यायालयाचा हा दरवाजा नेहमी उघडा असतो असेही समजू नये. नामनिर्देशनाची शेवटची मुदत संपली की कलम २३ प्रमाणे निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नाव घालता येत नाही, काढताही येत नाही. मतमोजणीनंतर ४५ दिवसांत कोणत्याही मतदाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, उमेदवारच असावा लागत नाही. पण त्या याचिकेत ‘यादीच चुकीची होती’ असे म्हणून चालत नाही. १९७३ च्या ‘हरिप्रसाद त्रिवेदी विरुद्ध व्ही. बी. राजू’ या निकालाने ते स्पष्ट केले: यादी अंतिम झाली की निवडणूक याचिकेपुरती ती खरीच. मताधिकार हा मूलभूत नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, हे तर १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून चालत आले आहे. पुढच्या निकालांनी त्याला थोडे मऊ केले असले तरी. कायद्याने दिलेला हक्क कायद्याच्या मुदतीतच मागावा लागतो.

तेव्हा मुदती ठाऊक असलेल्या बऱ्या. प्रारूप यादी लागली की आपल्या घराचा भाग क्रमांक काढून पानावरचे सगळे अनुक्रमांक पाहावेत. स्वतःचाच नव्हे, जिन्यावरच्या सगळ्यांचा. आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधताना मराठीत टंकलेले नाव सापडले नाही तर ओळखपत्राचा क्रमांक घालावा. आपल्याकडच्या याद्यांत ‘शिंदे’चे ‘शिदे’ आणि ‘ज्ञानेश्वर’चे काय काय झालेले असते ते सांगायला नको. अशी छपाईची चूक असली तरी मतदान अडत नाही. माणूस तोच आहे याची खात्री पटली तर केंद्राध्यक्षाने किरकोळ चुकांकडे दुर्लक्ष करावे असा नियमच आहे. नाव नसेल तर नमुना ६ आणि सोबत अर्ज मिळाल्याची पोच. पोच न घेता दिलेला अर्ज दिलेला नसतो, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले अपील, त्यांनीही नाकारले तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे. आणि यादीच्या कामात कर्तव्य चुकवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ३२ आहे: किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे कैद आणि दंड.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्याची वेगळी यादी नसते. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला गोठवून ती प्रभागांत वाटली जाते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ धरली गेली. त्या तारखेनंतर जागा झालेल्या माणसाला आपल्या वॉर्डाचा नगरसेवक निवडता येत नाही, मग त्याने दुसऱ्या दिवशी कितीही व्यवस्थित अर्ज भरलेला असो. प्रभागांची वाटणी होते तेव्हा शेजारच्या इमारतीसकट माणूस भलत्याच प्रभागात जातो, असेही होते. त्यावर हरकत घ्यायला मिळतात ते मोजके दिवस.

मतदानाच्या दिवसाचे हक्क सांगायला फार जागा लागत नाही, कारण ते बरेच धड आहेत. तुमच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीने आक्षेप घेतला तर त्याला दोन रुपये अनामत ठेवावी लागते आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतो. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर भलतेच चिन्ह दिसले अशी तक्रार असेल तर लेखी निवेदन देऊन चाचणी मत मागता येते. तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची जोखीम आहे. अंध किंवा अपंग मतदार प्रौढ सोबती आत नेऊ शकतो. कुणालाच मत द्यायचे नसेल तर २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आलेली नोटाची कळ आहे. त्याआधी तसे करायचे तर नोंदवहीत लिहून द्यावे लागे, म्हणजे गुप्तता गेलीच. कच्च्या कैद्यालासुद्धा मत देता येत नाही, प्रतिबंधक स्थानबद्धाला मात्र येते. ही विसंगती मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेले नाही.

प्रदत्त मतांकडे मात्र थोडे परत येऊ. ती नेहमीच्या मोजणीत धरली जात नाहीत. म्हणून लोक म्हणतात, काय उपयोग? २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी यांचा एका मताने पराभव झाला. प्रकरण निवडणूक याचिकेत गेले आणि तिथे वाद झाला तो नेमका प्रदत्त मतांवर; सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांचीच चर्चा झाली. जे चार-दोन लोक आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिल्याचे कळूनही हात हलवत घरी गेले नाहीत, ज्यांनी हट्टाने ती छापील मतपत्रिका मागून घेतली, त्यांची पाकिटे तेव्हा विचारात घ्यावी लागली.

उरतो तो यादीत नाव असूनही केंद्रापर्यंत न पोचणारा. १३५-बी या कलमाने मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी दिली आहे. न देणाऱ्या मालकाला दंड आहे, पाचशे रुपयांपर्यंत. ऊसतोडीत मालक कोण, कारखाना की मुकादम, हेच ठरत नाही, आणि मजुरी टनावर असते. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले तेव्हा हंगामाची धामधूम सुरू होण्याचेच दिवस होते. टपाली मत सैनिकांना आहे, निवडणूक कर्मचाऱ्यांना आहे, ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. फडावरच्या कोयत्याला यांतले काही नाही. स्थलांतरितांना आहे तिथूनच मत देता यावे म्हणून दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडला आणि १६ जानेवारी २०२३ ला दिल्लीत राजकीय पक्षांना बोलावले. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या, यंत्राचे प्रात्यक्षिक त्या दिवशी होऊ शकले नाही, आणि प्रस्ताव तिथेच राहिला. बीडहून निघालेल्या टोळ्या अजूनही मतदानाची तारीख पाहून नव्हे, कारखान्याचे धुराडे पेटण्याची तारीख पाहून निघतात.